जंत रक्तात, घाव किडनीत : परजीवीशी लढताना आपलीच गाळणी का बिघडते?

जुनी_काचपट्टी

मलेरियावरच्या चर्चेत परवा एकाने लिहिलं होतं की मलेरियाचे जंतू किडनी खातात. खात नाहीत. पण 'खात नाहीत' एवढं लिहून भागत नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशंट कमी, काचपट्ट्या जास्त पाहिल्या. तेव्हा 'मी कुठलं औषध घेऊ' हे कृपया विचारू नका.)

आधी एक फरक. पावसाळ्यात फाल्सिपेरम मलेरियाने चार-आठ दिवसांत लघवी कमी होऊन डायलिसिसवर गेलेले पेशंट आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेले असतात. तिथे किडनी बसते ती मुख्यतः रक्तपुरवठा आटल्याने. जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी बारीक केशिकांना चिकटतात, काही फुटतात, ताप-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असतं. यातून माणूस वाचला तर किडनी बऱ्याचदा पूर्ववत होते. हा धागा त्याबद्दल नाही. तो सावकाश चालणाऱ्या दुखण्याबद्दल आहे, ज्यात परजीवी किडनीच्या वाटेलाही जात नाही आणि तरी वर्षानुवर्षांनी किडनी जाते.

होतं ते असं. रक्तात परजीवीचे बारीक अंश, म्हणजे अँटिजेन, सतत फिरत असतात. शरीर त्यांच्यावर अँटिबॉडी सोडतं. दोन्ही चिकटून जी गाठ बनते ती इम्यून कॉम्प्लेक्स. गाठ मोठी असेल तर यकृतातल्या आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी ती गिळतात. अगदी लहान असेल तर फारसं बिघडत नाही. वाईट ती मधल्या मापाची, अँटिजेन थोडा जास्त आणि अँटिबॉडी थोडी कमी पडल्यावर होणारी. ही विरघळलेल्या अवस्थेत फिरत राहते आणि जिथे रक्त दाबाने गाळलं जातं तिथे अडकते. एका किडनीत अंदाजे दहा लाख ग्लोमेरुलस, म्हणजे केशिकांच्या गुंत्याच्या इवल्याशा गाळण्या. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक परत शोषला जातो. अडकायला याहून सोयीची जागा शरीरात नाही. कधीकधी उलट क्रमाने होतं : अँटिजेन आधी जाऊन भिंतीत बसतो, अँटिबॉडी मागाहून तिथेच येऊन चिकटते. कसंही झालं तरी पुढे कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली संरक्षक प्रथिनं, जागं होतं, पांढऱ्या पेशी जमतात आणि दाह सुरू होतो.

बायोप्सीचा तुकडा चमकणारा रंग लावून अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हे डोळ्यांनी दिसतं. काळ्यावर हिरवं. ग्लोमेरुलसच्या भिंतीवर सलग हिरवी रेघ उमटली तर शरीराने त्या भिंतीविरुद्धच अँटिबॉडी बनवलेली असते, तो निराळा आजार. रेघ तुटक, दाणेदार दिसली तर कॉम्प्लेक्स येऊन बसलेत असं समजायचं. परजीवी मात्र त्या तुकड्यात शोधून सापडत नाही.

ही कल्पना परजीवींच्या अभ्यासातून आलेली नाही. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ साली 'सीरम सिकनेस' वर पुस्तक लिहिलं. उपचार म्हणून घोड्याचा रक्तद्रव टोचलेल्या मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी का होते हा त्यांचा प्रश्न. रक्तद्रवात विष नव्हतं, आजार शरीराच्या उत्तरामुळे होत होता. आता घोड्याचा रक्तद्रव एकदाच टोचला जातो आणि संपतो. परजीवी संपत नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे : जो परजीवी तुम्हाला पटकन मारत नाही आणि स्वतःही मरत नाही, तोच किडनीला महाग पडतो.

दोन ठळक उदाहरणं.

पहिलं, चौथ्या दिवशी येणारा मलेरिया, प्लाझ्मोडियम मलेरिए. दर ७२ तासांनी ताप. रक्तात जंतू इतके थोडे की काचपट्टीवर शोधताना डोळे शिणतात, पण मुक्काम दशकानुदशकं. ब्रिटिश गियानात जॉर्ज जिग्लिओली या इटालियन डॉक्टरने १९३० मध्ये मलेरिया आणि सुजेचे किडनीविकार यांचा संबंध मांडला. १९६३ मध्ये गिल्स आणि हेंड्रिक्स यांनी नायजेरियात पाहिलं की नेफ्रोटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं वाहून जाऊन अंग सुजणं) झालेल्या मुलांच्या रक्तात हा जंतू इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त सापडतो. युगांडात किबुकामुसोके यांनी तेच काम पुढे नेलं. साठच्या दशकाच्या शेवटी बायोप्सीत ते दाणेदार साठे दिसले, काही तुकड्यांत खुद्द मलेरिएचा अँटिजेनही. दुःखाची गोष्ट ही की क्लोरोक्विनने जंतू गेले तरी किडनी सुधरेना. स्टेरॉइडचाही बहुतेकांना उपयोग होईना.

दुसरं, इजिप्त आणि ब्राझीलमधला शिस्टोसोमा, जुन्या नावाने बिल्हार्झिया. थिओडोर बिल्हार्झने १८५१ मध्ये कैरोत शवविच्छेदन करताना हा कृमी पाहिला. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीतून निघालेली अळी कातडीतून आत शिरते आणि नर-मादी जोडीने शिरांमध्ये राहतात, मादी नराच्या अंगाच्या पन्हळीत. रक्त पितात आणि पोटातला गाळ रक्तातच परत टाकतात. त्या गाळातले अँटिजेन किडनीत जाऊन बसतात. एरवी यकृत ते वाटेत टिपून घेतं. पण आतड्याच्या शिरांत राहणाऱ्या मॅन्सोनाय जातीची अंडी यकृतात अडकून तिथे चट्टे पडले, रक्ताने आडवाटा काढल्या, की अँटिजेन यकृताला टाळून थेट सगळ्या शरीरात. ब्राझीलमध्ये यकृत-प्लीहा वाढलेल्या पेशंटांपैकी दहा-पंधरा टक्क्यांना किडनीचा त्रास दिसायचा तो यामुळे.

विचारा काय विचारायचं ते.

चौकस_चंपा

वाचनखूण साठवली. म्हणजे काका, पोलिसांनी चोर पकडला, बेड्या घातल्या आणि कोठडीत न नेता गल्लीच्या तोंडाशीच उभा करून ठेवला, असं झालं का? आता गल्ली तुंबणारच.

जुनी_काचपट्टी

@चौकस_चंपा, चालेल. फक्त पोलीसही त्याच बेडीत अडकलेत एवढं त्यात घाला.

शंकासुर

लेख चांगला, पण मला एक खटकतंय. नायजेरियातल्या आजारी मुलांच्या रक्तात जंतू जास्त सापडले हा झाला सहसंबंध. तिथे कुपोषण होतं, इतर दहा संसर्ग होते. किडनी मलेरियानेच गेली हे कशावरून? नेफ्रोटिक मुलांची प्रतिकारशक्ती कमी असते म्हणून त्यांना मलेरिया जास्त झाला असेल, असंही म्हणता येईल की.

जुनी_काचपट्टी

@शंकासुर, नाव सार्थ केलंत! हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. कारणाच्या बाजूने तीन गोष्टी आहेत. एक, गियानात डीडीटी फवारून मलेरिया हटवल्यावर किडनीविकारांचं प्रमाण घटलं, हे जिग्लिओलीनेच १९६२ मध्ये मांडलं. दोन, एओटस माकडांना हा जंतू दिल्यावर त्यांच्या ग्लोमेरुलसमध्येही तसाच दाह झाला. तीन, बायोप्सीतला अँटिजेन.

विरुद्ध बाजूही सांगतो, कारण पाठ्यपुस्तकं ती गाळतात. २००६ मध्ये घानातल्या नेफ्रोटिक मुलांच्या बायोप्सींचा अभ्यास आला. त्यात तो नमुनेदार 'मलेरियाचा' बिघाड सापडलाच नाही, जास्त करून एफएसजीएस (काही ग्लोमेरुलसमध्ये तुकड्यातुकड्याने वण पडणं) निघाला, जो जगभर दिसतो. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे. साठच्या दशकात तो आजार होता, जंतू कमी झाला तसा तोही कमी झाला. पण तोवर आफ्रिकेतल्या कुठल्याही सुजलेल्या मुलाला 'मलेरियाची किडनी' म्हणायची सवय लागली होती, आणि सवय आजारापेक्षा जास्त टिकली.

शंकासुर

ओके. एफएसजीएसचं पटलं. माकडांचं माहीत नव्हतं.

म्वान्झाकर

गेली बरीच वर्षं टांझानियात आहे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. बांधकामाचं काम. इथे नवीन आलेल्या प्रत्येक भारतीयाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बजावतं : तळ्यात पाय घालू नकोस. आणि प्रत्येक जण पहिल्याच रविवारी घालतो. मीही घातले. रात्री पिंढऱ्यांना खाज, लाल पुरळ, दोन दिवसांत गायब. विसरून गेलो. काही महिन्यांनी एका सहकाऱ्याच्या तपासणीत बिल्हार्झिया निघाला म्हणून आम्ही सगळ्यांनीच करून घेतली. लघवीचे थेंब पट्टीवर टाकतात, गरोदरपणाच्या पट्टीसारखी रेघ येते. माझी रेघ फिकट होती पण होती. प्राझिक्वांटेल दिलं, वजनावर हिशेब, ६०० मिलिग्रॅमच्या साडेचार गोळ्या. इतकी कडू गोळी जन्मात खाल्ली नाही. शाळेतल्या पोरांना वजनकाटा नसला तर उंचीची काठी लावून गोळ्या मोजतात, ते इथेच पाहिलं.

प्रश्न असा : माझी किडनी ठीक आहे, पण ती पट्टी लघवीत नेमकं काय पकडते? तुम्ही म्हणता तो गाळ का?

जुनी_काचपट्टी

@म्वान्झाकर, तोच. कृमीच्या आतड्याच्या अस्तरातून सुटणारी शर्करायुक्त द्रव्यं रक्तात येतात, त्यातलं एक लघवीत उतरतं आणि पट्टी ते ओळखते. जे अँटिजेन किडनीत बसू शकतात त्याच घराण्यातला हा. म्हणजे तुमच्या निदानाला जे कामाला आलं तेच वीस वर्षं वाहत राहिलं असतं तर त्रासाचं. तुमच्या बाबतीत कृमी थोडे आणि वेळ थोडा, यकृत धड, गोळी वेळेवर. किडनीची काळजी करण्यासारखं यात काही दिसत नाही. वर्षातून एकदा लघवीतला अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) पाहून घेतलात तर हरकत नाही.

तिथे एखाद्याला लघवीतून रक्त जात असेल तर तो बहुधा दुसरा भाऊ, हीमॅटोबियम. तो मूत्राशयाच्या शिरांत राहतो. त्याची अंडी शोधायची तर नमुना सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यानचा घ्यायचा, अंडी तेव्हा जास्त पडतात. जमलं तर आधी जिने चढउतार करून. इथे बिघाड कॉम्प्लेक्सचा नसतो. अंडी भिंतीत अडकतात, त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशींचा गराडा पडतो, वण येतो, मूत्रवाहिनी आक्रसते आणि वर लघवी तुंबून किडनी फुगते. शरीराचंच उत्तर, पण निराळ्या मार्गाने. १९१० मध्ये मार्क आर्मांड रफरने इजिप्तच्या विसाव्या राजवंशातल्या दोन ममींच्या किडन्यांत या कृमीची चुना धरलेली अंडी दाखवली होती. तीन हजार वर्षांची तक्रार आहे ही.

गुहागरचा_नाना

धाग्यावर गोगलगाय आणि लघवीतलं रक्त आलं म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यातल्या गिमवी गावात म्हणे हा रोग सापडला होता. माझे वडील सांगायचे की मुंबईचे डॉक्टर येऊन गावातल्या माणसांची लघवी बाटल्यांत भरून न्यायचे आणि बायका पदराआड हसायच्या. खरंच इजिप्तचाच कृमी का? आमच्याकडे कसा आला?

जुनी_काचपट्टी

@गुहागरचा_नाना, नाना, तुम्ही लिहाल याची वाटच पाहत होतो. खरं आहे. गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये गिमवीचा हा टापू जगापुढे मांडला. पुढच्या कामात मधला यजमान (ज्याच्या अंगात अळी वाढते तो प्राणी) म्हणून फेरिसिया टेनुइस ही पाण्यातल्या दगडा-पानांना चिकटून बसणारी चपटी, इवलीशी गोगलगाय पुढे आली. आफ्रिकेत हीमॅटोबियमला ब्युलिनस गोगलगाय लागते, ती आपल्याकडे नाही. म्हणून तो कृमी नेमका कुठला यावर तज्ज्ञांनी बराच काथ्याकूट केला. नंतर तिथला रोग विझला. किडनी गेलेले पेशंट गिमवीत होते असं मात्र मी म्हणणार नाही, तिथली तक्रार लघवीतल्या रक्ताची.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडं नागपूर-भंडाऱ्याकडं हत्तीरोग हाय. त्याचा किडनीशी संबंध येते का? माह्या मामाला मधी दुधासारखी लघवी होत होती. डॉक्टरनं किडनी चांगली हाय म्हणून सांगितलं, पण घरचे लय घाबरले होते. आन दुसरं, मोहिमेत गोळ्या वाटतात त्या घेतल्यानं किडनी खराब होते असं गावात कोणीतरी पसरवून देल्लं.

जुनी_काचपट्टी

@वऱ्हाडी_ठेचा, मामाच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. फायलेरियाने, म्हणजे हत्तीरोगाच्या कृमीने, लसीकावाहिन्या तुंबतात, फुगतात आणि मूत्रमार्गात फुटतात. जेवणातली चरबी त्या वाटेने लघवीत येते म्हणून पांढरा रंग. तुपकट खाणं कमी केलं की रंग फिका पडतो. ही गळती आहे, ग्लोमेरुलसचा दाह नाही. पण लघवीतून प्रथिनं जातातच, म्हणून नुसत्या प्रथिनांच्या आकड्यावरून दोन्हींची गल्लत होऊ शकते.

फायलेरियात कॉम्प्लेक्सचा खरा बिघाडही होतो, पण विरळा. आपल्या हत्तीरोगातही नोंदलेला आहे आणि कॅमेरूनकडे डोळ्यात दिसणाऱ्या लोआ कृमीमुळे व नदीकाठच्या आंधळेपणाच्या कृमीमुळेही. आता अफवेबद्दल. त्यात सत्याचा एक कण आहे आणि तोच उलटा फिरवलाय. डीईसीने (मोहिमेतल्या गोळीने) कृमी मेले की त्यांचे अंश एकदम रक्तात सुटतात, काही पेशंटांत लघवीतली प्रथिनं त्या काळात वाढलेली दिसली आहेत. म्हणजे हे गोळीचं विष नाही, मेलेल्या कृमींचा कचरा. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि आधीच गंभीर आजार असलेले, यांना मोहिमेत गोळी देतच नाहीत. बाकीच्यांनी आशाताईंसमोर मुकाट्याने गिळावी. वर्षानुवर्षं कृमी अंगात पोसणं हा पर्याय जास्त वाईट.

श्वानसखी

पशुवैद्यक आहे, दोन आणे माझे. तुम्ही माणसांत जे विरळा म्हणता ते आम्ही कुत्र्यांच्या पुस्तकात पहिल्या पानावर शिकतो. भूमध्य समुद्राभोवती, स्पेन-इटलीत, कुत्र्यांना लेशमानिया इन्फॅन्टम या परजीवीचा संसर्ग होतो. कातडी खवले धरते, नखं वाढतात, अंग रोडावतं, पण मरतात ते बहुतांशी किडनी जाऊन. कारण हेच, कॉम्प्लेक्स. तिथले डॉक्टर आजाराची पायरी ठरवताना लघवीतल्या प्रथिनांचं क्रिएटिनिनशी प्रमाण बघतात, कुत्रा किती जगेल हे त्यावर ठरतं. गंमत म्हणजे ज्या कुत्र्यांत अँटिबॉडी भरमसाट असते तेच जास्त आजारी. पेशींच्या जोरावर लढणारे वरून ठणठणीत दिसतात. हृदयातल्या कृमीतही ग्लोमेरुलस बिघडतात.

जुनी_काचपट्टी

@श्वानसखी, दोन आणे नव्हे, रुपया दिलात. अँटिबॉडी जास्त म्हणजे संरक्षण जास्त, ही समजूत कोविडनंतर फार पक्की झाली आहे. परजीवी पेशींच्या आत लपलेला असेल तर अँटिबॉडीचा उपयोग कमी आणि किडनीला भार जास्त. काळ्या आजारात, म्हणजे आपल्या बिहारकडच्या माणसांतल्या लेशमानियात, किडनीचा त्रास सहसा सौम्य असतो आणि उपचारांनी निवळतो.

काढेवाले_अण्णा

पुनर्नवा आणि गोखरू यांचा काढा घेतला की किडनीतले सगळे साठे धुऊन निघतात. इतकं इंग्रजी कशाला?

जुनी_काचपट्टी

अण्णा, लघवी जास्त झाली म्हणजे भिंतीत रुतलेलं निघालं असं होत नाही. ज्याचा क्रिएटिनिन वाढलाय त्याने कुठलाही काढा किडनीच्या डॉक्टरला न विचारता घेऊ नये. यावर इथे एवढंच.

रेवती_ताम्हण

माझ्या पुतण्याला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, आता सात वर्षांचा. सकाळी डोळे सुजायचे, लघवीला फेस यायचा. स्टेरॉइडने पटकन उतरलं, पण वर्षातून एकदा तरी उलटतं. हा धागा वाचून जाऊबाई म्हणतात, जंताचं औषध दिलं असतं तर झालंच नसतं. मला अपराधी वाटायला लागलंय.

जुनी_काचपट्टी

@रेवती_ताम्हण, ताई, अजिबात नको. आपल्याकडच्या लहान मुलांत हा आजार बहुतेक वेळा 'मिनिमल चेंज' प्रकारचा असतो. त्यात ते हिरवे दाणे नसतातच, परजीवीचा संबंध नसतो, स्टेरॉइड लागू पडतं हीच त्याची ओळख. उलटणं हाही त्याचा स्वभाव, बहुतेक मुलं मोठी होईतो त्यातून सुटतात. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.

डायलिसिस_नर्स

शिस्टोसोमाच्या त्या किडनीविकाराला गोळी लागू पडते की नाही हे राहिलंच, डॉक्टर. आणि साल्मोनेलाचं काहीतरी आम्हाला शिकवलं होतं.

जुनी_काचपट्टी

@डायलिसिस_नर्स, आठवण केलीत ते बरं झालं. कैरोच्या रशाद बरसूम यांनी मांडलेली वर्गवारी आजही वापरतात. पहिला वर्ग सौम्य, फक्त मधल्या पेशी वाढलेल्या. दुसऱ्यात तुमचा साल्मोनेला. हा जीवाणू कृमीच्या अंगाला चिकटून राहतो, अँटिबायोटिक दिलं की दबतो, बंद केलं की पुन्हा रक्तात येतो. कृमी मारल्याशिवाय ताप हटत नाही. दोन्ही औषधं दिली की ताप जातो आणि किडनीही बरी होते. तिसऱ्या-चौथ्या वर्गात मात्र भिंती जाडावलेल्या किंवा वण धरलेल्या असतात. तिथे प्राझिक्वांटेलने कृमी जातात, किडनीची उतरण थांबत नाही. पाचवा अमिलॉइडचा, म्हणजे एका विकृत प्रथिनाचे थर साचण्याचा. सहावा इजिप्तचं दुर्दैव : प्राझिक्वांटेल येण्याआधी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे बिल्हार्झियावर अँटिमनीची इंजेक्शनं गावोगाव दिली, सुया पुन्हा पुन्हा वापरल्या, त्यातून हेपटायटिस सी पसरला. मग तो विषाणू आणि कृमी मिळून किडनी बिघडवू लागले.

चौकस_चंपा

शेवटचा प्रश्न काका. स्टेरॉइड म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायची. किडनी आपल्याच प्रतिकारशक्तीने बिघडते तर मग परजीवी असला तरी स्टेरॉइड द्यावं, दाह थांबेल. बरोबर ना?

जुनी_काचपट्टी

@चौकस_चंपा, इथेच घात होतो, म्हणून नीट लिहितो. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक कृमी आहे, अनवाणी चालताना मातीतून पायात शिरतो. हा आपली पिल्लं आतड्यातच वाढवून पुन्हा आपल्यालाच संसर्ग करतो, त्यामुळे तीस-चाळीस वर्षं गुपचूप राहू शकतो. क्वचित नेफ्रोटिक सिंड्रोमही याच्या जोडीने दिसला आहे. अशा माणसाला सुजेसाठी स्टेरॉइड सुरू झालं की कृमीला मोकळं रान. अळ्या आतडं फोडून फुप्फुसात, मेंदूत जातात, सोबत आतड्यातले जीवाणू घेऊन. त्यातून वाचणं कठीण. म्हणून शेतात-चिखलात राबलेल्या माणसाला मोठ्या मात्रेत स्टेरॉइड देण्याआधी शौचाची तपासणी, रक्तातले इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), शक्य तिथे अँटिबॉडी पाहतात, किंवा सरळ आयव्हरमेक्टिन देतात. नेहमीच्या एका अल्बेंडाझोलवर हा जात नाही. शौचाची एक तपासणी कोरी आली तरी भरवसा नाही, दोन-तीनदा पाहावी लागते.

डायलिसिस_नर्स

हे आमच्या वॉर्डात फळ्यावर लिहून ठेवते. स्टेरॉइडचा चार्ट सुरू करायच्या रकान्याशेजारीच.